पावाने पुसलेलं बंदर

आमच्या घरात पाव दोन कारणांसाठी यायचा. एक चहात बुडवायला आणि दुसरं चित्रं पुसायला. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत गल्लीत शिरला की सासूबाई चार उंडे घ्यायच्या आणि मी आतून पाचवा मागायची. उंडा म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, वरून कडक आणि आतून मऊ. कडक भाग सासूबाईंच्या चहाला, गाभा माझ्या पेन्सिलीला. गाभा बोटांत मळून त्याची गोळी केली की ती मऊ पेन्सिलीची रेघ अलगद उचलून घेते. दुकानातले रबर त्या काळी रेघ पुसायचे कमी आणि फासायचे जास्त. ही युक्ती मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात शिकले आणि रुखवतासारखी सासरी घेऊन आले. सासूबाईंना ती कधीच पटली नाही.

"अन्नान पुसतंस गो? पाप लागतला."

"कडक भाग तुमी खातास. म्हणजे अर्धा पाप तुमका," मी म्हणायची.

यावर त्या तोंड फिरवून हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बोलायच्या.

मी मूळची सर्वणची, डिचोलीच्या अगदी शेजारची. आमच्या घरी शेती. माहेरी पेन्सिलीला लापीस म्हणतात, आणि ती बघायची तर सुतार यायची वाट बघावी लागे, कारण ती त्याच्या कानावर असायची. गोवा मुक्तीनंतर आमच्या भागात शाळा वाढल्या, शाळांना चित्रकलेचे शिक्षक हवे झाले, आणि त्या लाटेत मीही डिचोलीच्या एका शाळेत चिकटले. चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत मला वरची श्रेणी होती. हे मी इथे मुद्दाम सांगते, कारण त्या दिवसांत भेटेल त्याला सांगत होते. माझ्या चित्रात कोणी चूक काढली की माझं डोकं फिरायचं. अजूनही फिरतं, पण आता वय झालं म्हणून लोक मनावर घेत नाहीत.

सासरची माणसं विजयदुर्गची. सासरे तिथल्या बंदरात तांडेल होते, म्हणजे शिडाच्या मचव्याचे प्रमुख. मचवा त्यांचा स्वतःचा. विजयदुर्गाहून कौलं, नारळ, आंबे भरायचे आणि कधी मुंबईकडे, कधी गोव्याकडे निघायचं, असं त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. मग ट्रकांनी माल पळवला आणि शिडं गुंडाळायची वेळ आली. गोवा मुक्त झाला होता, डिचोलीत खाणी जोरात होत्या, खनिज नदीतून नेणाऱ्या बार्जवर जाणती माणसं हवी होती. सासऱ्यांनी मचवा धाकट्या भावाच्या हवाली केला आणि बायकामुलांना घेऊन डिचोलीला आले. पुढची सगळी वर्षं त्यांनी मांडवीतून लाल माती मुरगावपर्यंत पोचवली; गावी परत जाणं मात्र झालंच नाही. बार्जला ते बार्ज म्हणत नसत. "पेटारो" म्हणत. "पेटारो काय, कोणय हाकता."

असा हा माणूस वादळात डोलकाठीवर चढलेला, आणि पडला तो न्हाणीघरात साबणाच्या तुकड्यावरून. खुब्याचं हाड मोडलं. म्हापशाला ऑपरेशन झालं, आत सळी बसली. डॉक्टरांनी घरी सोडताना स्पष्ट सांगितलं की पावसाळ्याच्या आत चालायला लागले तर लागले, नाहीतर सांधा धरेल आणि मग कायमची खाट. तेव्हा मार्च संपत होता.

सासरे खाट सोडायला तयार नव्हते. दुखत होतं हे खरं, पण दुखणं हे कारण नव्हतं. वॉकर खाटेला टेकून उभा, त्याच्यावर सासूबाई पंचे वाळत घालायच्या. माझा नवरा रोज कामावरून आला की समजूत काढायचा, ओरडायचा, शेवटी हात जोडायचा. सासऱ्यांचं उत्तर एकच.

"चलान जाव खय?"

कुठे जायचं चालून? डिचोलीच्या बाजारात? बसस्टँडवर? समुद्रावरून आलेल्या माणसाला खाणीच्या धुळीत चालायला का सांगावं, हे मलाही कळत नव्हतं. पण त्यांचा पाय दिवसेंदिवस बारीक होत चाललेला मला दिसत होता. चित्रकाराला दुसरं काही दिसो न दिसो, आकार बदललेला लगेच दिसतो. मला ते बघवत नसे.

मे महिन्यात विजयदुर्गला चुलत नणंदेचं लग्न निघालं. सासूबाई अर्थातच सासऱ्यांजवळ राहणार, जायचं आम्ही दोघांनी. निघायच्या आदल्या दिवशी सासऱ्यांनी मला हाक मारली.

"गो, तू चित्रां काढतंस मां? बंदर काढून हाड. सगळा. धक्को, किल्लो, खाडी, आरमाराची गोदी. आणि माझो मचवो." मग जरा थांबून म्हणाले, "भाऊ पत्रात लिवता, मचवो बरो आसा म्हणान. मरणाआदी एकदा डोळ्यांनी बघूक होयो. नायतर तुझ्या चित्रान."

चित्र काढून आण म्हणणं सोडाच, सासऱ्यांनी माझ्याकडे कधीच काही मागितलं नव्हतं. मी नवी कोरी चित्रवही घेतली, पेन्सिली तासल्या आणि पिशवीत चार सुके उंडे टाकले. नवरा म्हणाला, "लग्नात जेवण नाय काय?"

दोन एसट्या बदलून, धुळीने माखून आम्ही पोचलो. समुद्र मी त्याआधी बघितला होता तो शाळेच्या सहलीत, पोरांच्या डोक्यांवर लक्ष ठेवत. म्हणजे बघितलाच नव्हता. विजयदुर्गच्या धक्क्यावर उभी राहिले आणि किल्ल्याचा तट पाण्यातून सरळ वर चढलेला दिसला, तेव्हा मी काही वेळ वही उघडलीच नाही. एकामागे एक तीन तटबंद्या, काळ्या दगडाच्या. तिथली माणसं सांगतात की बाहेर पाण्याखालीही एक भिंत आहे आणि शत्रूची जहाजं तिच्यावर आपटून फुटायची. हे प्रत्येक जण अशा थाटात सांगतो, जणू भिंत त्याच्या आजोबांनी घातली.

लग्न दोन दिवसांत उरकलं आणि मी बंदर काढायला बसले. नवरा माझ्यावर छत्री धरून उभा. सुरुवातीला त्याला फार लाज वाटली, मग सवय झाली, मग तो उभ्या उभ्या डुलक्या घ्यायला शिकला आणि छत्रीची सावली माझ्या कागदावरून भलतीकडे जाऊ लागली. भोवती गर्दी. बाई माणूस धक्क्यावर बसून कागदावर रेघा मारते म्हणजे नक्की सरकारी मोजणी, असं गावाने ठरवून टाकलं. एक मासे विकणारी बाई टोपली उतरवून समोर बसली.

"बाय, रस्तो रुंद करतत काय? माझ्या घराक हात लावश्यात तर बघा."

मी म्हटलं, चित्र काढतेय. तिने वहीत डोकावून बघितलं, आपलं घर शोधलं, सापडलं तेव्हा विचारलं, "माझ्या घराचा कवाड एवढा वाकडा?" मी पावाची गोळी काढून कवाड सरळ केलं. त्यानंतर माझ्यापुढे रांग लागली. कोणाला माडाची झावळ जास्त हवी, कोणाला शेजाऱ्याचं शौचकूप चित्रातून काढून हवं. त्या दिवसांत मी अख्खा उंडा लोकांच्या कवाडांवर संपवला.

दहा चित्रं झाली. मचवा मात्र बघायला मिळेना. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, माझा नवरा ज्यांना काका म्हणतो, ते रोज काही ना काही कारण काढायचे. आज ऊन फार, आज पाहुणे, आज खाडीत चिखल. शेवटच्या दिवशी सकाळी मीच म्हटलं, काका, बाबांनी सांगितलंय, बघितल्याशिवाय मी जाणार नाही. काका उठले. पायात चपला सरकवल्या आणि पुढे चालू लागले.

गिर्ये गावाच्या बाजूला, खाडीच्या एका फाट्यात आरमाराची जुनी गोदी आहे. खडक तासून केलेली मोठी खोलगट जागा. भरतीला गलबतं आत घ्यायची, ओहोटीला पाणी उतरलं की तळ घासायचे, डागडुजी करायची, पुढच्या भरतीला बाहेर. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. अर्ध्याहून जास्त गाळाने भरलेली, दगडांवर शेवाळ, खेकडे. आणि गोदीच्या मध्यभागी मचवा.

मचवा म्हणायचं, पण फळ्या जवळजवळ सगळ्या गेल्या होत्या. उरल्या होत्या त्या बरगड्या, आणि नाळ, म्हणजे पुढचं उंच टोक. मासा खाऊन ताटात काटा राहतो तसं.

"एक फळी गेली, मगे दुसरी," काका म्हणाले. "लाकूड नाय, सुतार नाय, शीड कोणाक होया? पयल्या वर्सा लिवलंय बरो आसा, तेवा खराच बरो होतो. मगे खराब झालो म्हणान लिवचो धीर झालो नाय. दरवर्सा तेच लिवत गेलंय. सूनबाय, दादाक सांगा नको."

मी खाली बसले आणि दिसत होतं ते काढलं. माझ्या मऊ पेन्सिली संपल्या होत्या, हाताशी एकच कडक उरली होती. वारा वही उडवत होता, मला काकांचा राग येत होता, आणि रागात माझा हात जड पडतो. मी दाबून दाबून काढलं. बरगडी न् बरगडी. काका जरा दूर पाठ करून उभे होते.

दुपारी त्यांच्या पडवीत मी ते चित्र मांडीवर घेऊन बसले. डोळ्यांपुढे सासऱ्यांचा बारीक पाय. हे दाखवलं तर हा माणूस भिंतीकडे तोंड करील आणि पुन्हा म्हणून उठायचा नाही, याची मला खात्री होती. शेवटचा उंडा फोडला, गाभा मळला आणि मचवा पुसला. कडक पेन्सिल, पुसायला वेळ लागला. मग काकांच्या मुलीच्या दप्तरातली मऊ पेन्सिल घेऊन त्याच जागी नवा मचवा काढला. सगळ्या फळ्या जागेवर, डोलकाठी उभी, शीड नीट गुंडाळलेलं, खाली पाण्याच्या चार लाटा.

नवरा बघत होता. "ह्या काय केलंस गो?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हटलं.

डिचोलीला परतलो तेव्हा सासरे खाटेवर उशीला टेकून बसलेले होते, हेच नवल. आमची वाट बघत होते. मी वही काढली, तेवढ्यात सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली आणि खिडकीजवळच्या मेजावर नेऊन ठेवली. खाटेपासून मेज सहा पावलांवर.

"हय उजेड आसा," त्या म्हणाल्या. "बघूचा तर येवन बघा. आणि रोज एकच. बरण्येतलो लाडू एका दिवसात संपवूचो नाय."

ही बाई शाळेत गेली असती तर मुख्याध्यापक झाली असती. सासरे तिच्याकडे रागाने बघत राहिले. मग पंचे बाजूला सारून वॉकर धरला आणि सगळ्या गोव्याला शिव्या देत सहा पावलं चालले. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच चहा टाकायला निघून गेल्या.

पहिलं चित्र किल्ल्याचं. सासऱ्यांनी चष्मा चढवला. मी बाजूला उभी, स्तुतीची वाट बघत.

"तट बरो. पण ह्या बुरुजाच्या खाली खडक तीन. तू दोनच काढलंस."

दुसऱ्या दिवशी धक्का. धक्क्याच्या पायऱ्या कमी पडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मला खात्री होती की आज काही सापडायचं नाही, कारण ते माझं सगळ्यात देखणं चित्र होतं. किल्ला सकाळी काढला होता, तटाच्या पायाशी पाणी हेलकावत. पुढच्या होड्या दुपारी काढल्या, वाळूवर कलंडलेल्या. सासऱ्यांनी बघितलं, आणि इतके हसले की खुबा धरून खुर्चीत बसावं लागलं.

"अगो, इकडे ये," त्यांनी सासूबाईंना हाक मारली. "सुनेन एकाच चित्रात भरती नि ओहोटी दोनय काढल्यान! किल्ल्याक भरती, होड्यांक ओहोटी!"

माझं तोंड एवढंसं झालं. भातशेतीतल्या माणसाला पाणी म्हणजे पाणी. ते दिवसातून दोनदा जातं-येतं, आणि गेलं की चित्रातल्या प्रत्येक दगडाला ते कळतं, हे सर्वणला कोणी शिकवतं? मी चिडून म्हटलं, "खाटेवर बसान चुको काढूक काय जाता?" तसे ते म्हणाले, "म्हणान तर मेजार येवन काढतंय."

आणि खरंच येत होते. रोज, स्वतःहून, पुढे पुढे तर दिवसातून दोनदा, सकाळच्या चित्रातली राहिलेली चूक संध्याकाळी सांगायला. मी गाभा मळून चुका दुरुस्त करायची, ते खुर्चीत बसून हुकूम सोडायचे. पावाच्या चुऱ्याने वहीला मुंग्या लागल्या. सासूबाई म्हणाल्या, बघ, सांगितलं होतं पाप लागेल. सासऱ्यांचा पाय हळूहळू जमिनीवर पूर्ण टेकू लागला.

मात्र रोज एक प्रश्न यायचा. "मचव्याचा खय?"

"शेवटी," मी म्हणायची. "तोच तर लाडू." चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी माझी गत. तो कागद मी वहीच्या अगदी तळाशी ठेवला होता आणि रात्रंदिवस मला तो तिथे असल्याची आठवण होती.

अकराव्या दिवशी तळाशी पोचलोच. सासऱ्यांनी त्या दिवशी आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. काठी घेऊन आले, वॉकरही नाही. चित्र उजेडात धरलं.

"सुंदर काढलंस," ते म्हणाले. मला बरं वाटायच्या आत पुढे म्हणाले, "गोदी सुकी आसा. दगडार शेवाळ दाखवलंस, चिखलात खेकडो दाखवलंस. आणि मचवो तरंगता. कसो गो?"

मी पुन्हा तीच चूक केली होती. पुसला तो फक्त मचवा. गोदी तशीच राहिली होती, ओहोटीची. चार लाटा काढून माझं काम भागलं असं मला वाटलं होतं.

सासऱ्यांनी अंगठा कागदावरून फिरवला, फळीवरून फिरवावा तसा. एका जागी अंगठा थांबला. मग पुढे, पुन्हा थांबला. पावाने रेघ जाते, पण दाबून ओढलेल्या कडक पेन्सिलीची खाच कागदात तशीच राहते. त्यांच्या अंगठ्याला बरगड्या लागत होत्या.

त्यांनी चित्र मेजावर ठेवलं, काठी टेकत खाटेवर गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दोन दिवस ते उठले नाहीत. जेवण खाटेवर, आणि तेही अर्धं. वॉकरवर पुन्हा पंचे आले. मिरग, म्हणजे पाऊस, आठवड्यावर आला होता. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं. नवरा म्हणाला, तुझी चूक नाही. माझीच होती. जी भीती वाटून मी खोटं काढलं, तेच खोट्याने घडवून आणलं होतं. त्यांचा पाय मोडला तो साबणाने, पण आता ते उठले नाहीत तर ते माझ्यामुळे, हे मला गिळता येत नव्हतं. वर्गात मुलांवर विनाकारण खेकसायला शाळाही सुरू नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेच्या कडेला जाऊन बसले.

"बाबानू, मी खोटा काढलंय."

"ठावक आसा."

"मोडलो मचवो. बरगड्यो तेवड्यो रवल्यो."

भिंतीकडे तोंड करूनच ते म्हणाले, "खरा काढललंस मां आदी? ता दाखय."

"ता पुसलंय."

मग ते वळले आणि हात पुढे केला. "पाव हाड."

मी उंडा फोडला, गाभा मळून दिला. खाटेवर वही ठेवली. सासऱ्यांनी माझा देखणा मचवा स्वतःच्या हाताने पुसला. अशा कामाची सवय नसलेला हात, त्यामुळे डोलकाठीबरोबर मागचा अर्धा डोंगरही गेला. मग मला म्हणाले, "आता काढ."

मला काढायची गरज नव्हती. नाण्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की नाण्याचा छाप उठतो, हे मी पाचवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवते. मी मऊ पेन्सिल आडवी धरली आणि हलक्या हाताने पुसलेल्या जागेवर फिरवू लागले. कागद करडा होत गेला आणि जिथे खाच होती तिथे पेन्सिल लागेना. एकेक बरगडी पांढरी वर आली. मग तळाचं लाकूड. मग नाळ. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, हाताला पीठ लागलेलं.

सासरे कोपरावर उठून बसले होते. "थांब," ते म्हणाले. "नाळ ही?"

"होय."

"आणि ही बाजू खाडीची? पाणी येता ती?"

"होय."

"ह्ये उभे दांडे कसले?"

मी बघितलं. ते मी काढले होते हेच विसरले होते. "टेकू. दोनय बाजूंक आसत. दिसले तसे काढले."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"मोडलेलो मचवो लोक खयय लोटून टाकतत," ते हळूहळू म्हणाले. "आडवो पडता, नाळ खयय वळता. ह्यो उभो आसा. नाळ भायर, पाण्याकडे. मोठ्या उधाणाक पंदरा-वीस माणसां लावन आत घेतल्यान आसतलो. आणि टेकू दिल्यान." ते सासूबाईंकडे वळले. "ऐकलंस? भावान माझो मचवो फेकूक नाय. बसवल्यान. निघूचो आसा तसो बसवल्यान."

आणि ते रडले. लपवून नाही, चांगले मोठ्याने. मीही रडले, सासूबाईही, पिठाच्या हातांनी डोळे पुसल्यामुळे त्यांचं तोंड पांढरं झालं आणि त्यावर आम्ही सगळेच हसलो. काका इतकी वर्षं ज्याची लाज बाळगून होते, ते बघूनच हा माणूस उठून बसला होता. मी मात्र तेच चित्रातून पुसून टाकायला निघाले होते. मी तिथे बसून टेकू काढले, नाळ काढली, आणि मला त्यातलं काही दिसलं नव्हतं. दोन्ही परीक्षांतली वरची श्रेणी!

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचा भोंगा वाजला. मी आतून नेहमीसारखी ओरडले, "पाच!" बाहेर येऊन बघते तर सासरे काठी टेकत अंगण ओलांडून फाटकाकडे चाललेले. सासूबाई जिन्यापाशी तोंडावर हात धरून उभ्या.

"बाबानू, चलान जातास खय?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"आज फाटकापर्यंत," ते न वळता म्हणाले. "मगे गोदीपर्यंत." आणि पोदेराला म्हणाले, "सा दी. एक चित्रांक, एक जादा. चुको खूप करता ती."

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर आम्ही चौघं विजयदुर्गला गेलो. एसटीत सासरे पुढच्या बाकावर, ड्रायव्हरला वळणं कशी घ्यावीत ते सांगत. गोदीपर्यंतची वाट दगडांची, तीही ते काठीने उतरले. काका आधीच तिथे येऊन बसले होते, आणि भावाला येताना बघून उभे राहिले ते खाली मान घालूनच. सासऱ्यांनी मचव्याला एक फेरी घातली. प्रत्येक टेकू हाताने हलवून बघितला. मग भावाजवळ गेले.

"बरो बसवलंस," म्हणाले.

दोघे गोदीच्या कडेला खडकावर जाऊन बसले, मांडीला मांडी लावून. सासऱ्यांनी मला हाक मारली. "काढ आता. आमका दोगांक धरून."

मी वही उघडली, पेन्सिल काढली आणि पिशवीत उंडा शोधू लागले. डिचोलीहून मुद्दाम आणलेला, सासऱ्यांनीच निघायच्या सकाळी पोदेराकडून माझ्यासाठी वेगळा घेतलेला. सापडेना. वर बघितलं तर दोघे भाऊ किटलीतला चहा पेल्यांत ओतून बसलेले, आणि माझा उंडा मधोमध फोडून अर्धा याच्या हातात, अर्धा त्याच्या. गाभ्यासकट चहात बुडवून खात होते.

ते चित्र आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. आज सासरे नाहीत, काकाही नाहीत, मचव्याचं काय झालं असेल ते विचारायची मला हिंमत होत नाही. त्या चित्रात एकही रेघ पुसलेली नाही. चुकीच्या पुष्कळ आहेत; काकांचा एक कान दोनदा आला आहे आणि सासऱ्यांच्या काठीला तीन टोकं आहेत. पाणी मात्र एकच आहे, ओहोटीचं.